अचलपूरच्या गेलेल्या नोकऱ्यांची आधी नावानिशी यादी करा : शासनाला खुले पत्र

प्रति,
मा. वस्त्रोद्योग मंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. पालकमंत्री आणि मा. जिल्हाधिकारी, अमरावती

सविनय नमस्कार.

मी अचलपूरला किराणा दुकान चालवतो. इथल्या, २०२० पासून थांबलेल्या फिनले मिल या गिरणीत मी कधी नोकरी केली नाही, आमच्या घरातलंही कुणी तिथं नव्हतं. तरीही हे पत्र लिहितो आहे, कारण मिलचा प्रश्न म्हणजे मिल कामगार, त्यांच्या संघटना आणि सरकार यांच्यातला मामला असं धरून इतकी वर्षं बोलणी झाली. ज्या गावाचा बाजार त्या पगारावर चालत होता, त्या गावाला कुणी काही विचारलं नाही. माझं म्हणणं अगदी एकच आहे. गेलेल्या नोकऱ्यांच्या जागी नवा रोजगार आणायचा असेल, तर तो कुणासाठी आणायचा आहे हे आधी नावानिशी ठरवा. कोटींचे आकडे त्यानंतर सांगा.

थोडी पार्श्वभूमी, कारण मुंबईत बसून अचलपूर नकाशावर लहान दिसतं. एके काळी वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी असलेलं हे गाव. परतवाडा त्याला लागून, म्हणून लोक एका दमात अचलपूर-परतवाडा म्हणतात. चारी बाजूंनी कापूस, मोर्शी-वरूडकडे संत्रा, डोक्यावर मेळघाट. इथली विदर्भ मिल १९७४ च्या कायद्यानं केंद्र सरकारच्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे, म्हणजे एनटीसीकडे आली. ती जुनी होऊन थकली आणि पुढे मुंबईची फिनले मिल अचलपूरला हलवण्यात आली. मुंबईतल्या गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहत असताना एक गिरणी मुंबईतून उठून कापसाच्या गावात आली, याचं आम्हाला केवढं अप्रूप होतं! नवी यंत्रं, नवं बांधकाम. आयटीआय झालेल्या पोरांना पुण्याची गाडी न पकडता घरी राहून नोकरी करता येईल, असं पहिल्यांदाच वाटलं होतं.

मार्च २०२० मध्ये कोरोनाची टाळेबंदी लागली आणि एनटीसीच्या देशभरातल्या २३ गिरण्या थांबल्या. टाळेबंदी उठली, दुकानं उघडली, शाळा भरल्या, यात्रा भरल्या. या गिरण्या काही पूर्ववत झाल्या नाहीत. त्यानंतर आमच्याकडे मोर्चे झाले, उपोषणं झाली, शिष्टमंडळं मुंबई-दिल्लीला जाऊन आली, निवडणुकाही झाल्या. प्रत्येक वेळी चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरली : मिल चालू होणार की नाही? मिल चालू व्हावी असं मलाही मनापासून वाटतं. पण ‘होणार की नाही’ या एका प्रश्नावर माणसांना टांगून ठेवल्यामुळे दुसरा प्रश्न कुणी विचारलाच नाही. तोवर या माणसांनी खायचं काय?

दुकानातून मला जे दिसलं ते सांगतो. मिल चालू असताना पगाराची तारीख आम्हाला कॅलेंडरशिवाय कळायची. त्या आठवड्यात तेलाचा पंधरा किलोचा डबा जायचा, सुटं तेल मागणारं गिऱ्हाईक कमी असायचं. मिल थांबल्यावर पहिले काही महिने फरक पडला नाही, कारण लोकांनी शिल्लक काढली. मग डब्याच्या जागी एक किलोची पिशवी आली, मग पावशेर. उधारीच्या वहीत ज्यांची पानं दर महिन्याला कोरी व्हायची त्यांची बाकी पुढच्या पानावर ओढली जाऊ लागली. सोनं गहाण पडलं. विम्याचे हप्ते तुटले. पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहिलेला शेजारी बोलेनासा झाला, कारण वसुलीची नोटीस त्याच्या घरी गेली. ज्याच्यासाठी घराला वरचा मजला काढायचं चाललं होतं त्या मुलाचं लग्न मोडलं, का तर ‘बाप मिलमध्ये होता’. या गोष्टी बेरोजगारीच्या कुठल्याही तक्त्यात येत नाहीत. मिलच्या फाटकासमोरचा चहावाला, डबे करणारी बाई, पाळी सुटायच्या वेळेला हजर राहणारे ऑटोवाले, सायकल दुरुस्तीवाला हेही त्या तक्त्यात नसतात. कामगारांची संख्या सांगता येते, त्यांच्यामागे उभ्या असलेल्या या माणसांची कुणी मोजदाद केलेली नाही.

माझ्या दुकानात येणारे एक गृहस्थ रिंग फ्रेमवर, म्हणजे सूत कातायच्या साच्यावर, सायडर होते; तुटलेले धागे जोडायचं त्यांचं काम. एकदा दुकानातल्या पंख्याचा आवाज ऐकून म्हणाले, “भाऊ, याची बेरिंग गेली, आठ दिवसांत बसते पाहा.” खरंच बसला. साच्याच्या शेकडो चात्यांमधून, म्हणजे धाग्याला पीळ देणाऱ्या फिरत्या दांड्यांमधून, एखादीचा सूर बदलला की त्यांना लांबून कळायचं. तुटलेला धागा चालत्या चातीवर अंगठा आणि तर्जनीनं असा जोडायचा की गाठ कापडात दिसता कामा नये, हे काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं. पाळी संपेपर्यंत दोन फ्रेमच्या मधल्या गल्लीत काही किलोमीटर चालणं व्हायचं. आज ते एका एटीएमबाहेर रात्री खुर्ची टाकून बसतात. त्या कामात कमीपणा नाही, पण रात्रभर नुसतं जागं राहायला त्यांच्या कानाची आणि बोटांची गरज नाही. तुम्ही त्यांना ‘अकुशल’ म्हणून कुठल्यातरी योजनेत बसवाल याचंच मला भय वाटतं.

आता कायद्याची अडचण. गिरणी रीतसर बंद झाली तर कामगाराला भरपाई मिळते, ग्रॅच्युइटी हाती येते, आणि तो दुसरीकडे बघायला मोकळा होतो. नुसती थांबलेली असेल तर तो कागदावर कामगार आणि घरी रिकामा. ले-ऑफच्या, म्हणजे मालकाकडे काम नसल्यानं बसवून ठेवल्याच्या काळात कायद्यानुसार मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या निम्मी रक्कम मिळते. तेवढ्यात घर चालत नाही, आणि तेवढंही सोडून दुसरी कायम नोकरी धरली तर आपला हक्क जाईल या धाकानं माणूस अडकून पडतो. चाळिशीचा माणूस असा अडकला की बघता बघता पंचेचाळिशी उलटते, आणि मग त्याला कुणी घेत नाही.

यावर आधी काहीच उपाय नव्हता असंही नाही. १९८६ पासून केंद्राची वस्त्रोद्योग कामगार पुनर्वसन निधी योजना होती. गिरणी कायमची बंद पडली तर कामगाराला पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के. तीन वर्षांत माणसानं दुसरा मार्ग शोधावा हा तिचा हेतू होता, आणि तो मला आजही योग्य वाटतो. पण ती खासगी गिरण्यांसाठी होती, सरकारच्या मालकीच्या गिरणीला लागू नव्हती. २०१७ मध्ये ती राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत मिसळली. नव्या औद्योगिक संबंध संहितेत कपातीत कामावरून काढलेल्या कामगारासाठी पुनर्कौशल्य निधी, म्हणजे नवं काम शिकण्यासाठीचा निधी आहे, त्यात मालकानं भरायचे ते पंधरा दिवसांच्या पगाराइतके पैसे. पंधरा दिवसांच्या पगारात माणूस नवं काय शिकेल, हे मला कुणी समजावून सांगावं. शिवाय तोही कपातीत काढलेल्यासाठी. टांगलेल्या माणसाचं नाव कोणत्याच रकान्यात नाही.

म्हणून पहिली मागणी यादीची. मिलच्या हजेरीपटावर मार्च २०२० मध्ये जे कायम होते, बदली (म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी येणारे) होते, कंत्राटी होते त्या प्रत्येकाचं नाव, वय, खातं, काय येतं, आज काय करतो, घरात कमावतं कोण, मुलं काय शिकतात. ज्यांनी गाव सोडलं ते कुठं गेले आणि काम मिळालं तर परत येतील का, हेही त्यात हवं. वाइंडिंगवाला वेगळा, फिटर वेगळा, बॉयलर आणि आर्द्रतेचा प्लांट सांभाळणारा वेगळा. हे मोठं काम नाही. तलाठी, नगरपरिषदेचे कर्मचारी आणि आयटीआयचे शिक्षक मिळून ते एका महिन्यात करतील. आम्ही व्यापारी लोक घरं दाखवायला बरोबर फिरू. मात्र यादी झाली की ती चावडीवर लावा, आणि यापुढे ‘अचलपूरला इतके रोजगार दिले’ असं कुणी म्हटलं तर त्यातले या यादीतले किती, हे सांगणं बंधनकारक करा.

मी हे एवढ्या आग्रहानं का सांगतो? नागपूरचं उदाहरण आपल्या सगळ्यांसमोर आहे. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेली एम्प्रेस मिल २००२ मध्ये कायमची बंद झाली. तिच्या जागेवर आज मोठा मॉल आहे, तिथं शेकडो लोक काम करतात. म्हणजे नोकऱ्या आल्या. पण त्या साचेवाल्या कामगाराला मिळाल्या नाहीत, दुसऱ्याच कुणा पंचवीस वर्षांच्या मुलाला मिळाल्या. नागपूर मोठं आहे, तिथं हा हिशेब गर्दीत झाकला गेला. हिंगणघाट, अकोला, बडनेरा, जिथं जिथं वऱ्हाड-विदर्भात गिरण्या होत्या तिथं जाऊन बघा. जुन्या वस्त्यांमधली ती पिढी परत उभी राहिली नाही, ती तशीच म्हातारी झाली.

आपण म्हणाल, पीएम मित्र पार्क, म्हणजे केंद्राच्या योजनेतली मोठी वस्त्रोद्योग वसाहत, येतो आहे. देशात सात पार्क, त्यातला महाराष्ट्रातला एकमेव अमरावतीजवळ नांदगाव पेठेला. मार्च २०२३ मध्ये घोषणा झाली, सप्टेंबर २०२४ मध्ये वर्ध्याच्या कार्यक्रमात भूमिपूजन झालं. एका पार्कमधून एक लाख प्रत्यक्ष आणि दोन लाख अप्रत्यक्ष रोजगार, असं केंद्र सरकार सांगतं. राज्याचं २०२३ ते २८ चं वस्त्रोद्योग धोरणही मी वाचलं. पंचवीस हजार कोटींची गुंतवणूक, पाच लाख रोजगार, आणि राज्यात पिकणाऱ्या कापसावर राज्यातच प्रक्रिया होण्याचं प्रमाण ३० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर न्यायचं उद्दिष्ट. ते शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. आमच्या दर्यापूर-अंजनगावच्या जिनिंगमधून गाठी बांधून ट्रक तमिळनाडूकडे जातात, तिथं सूत होतं, कापड होतं, आणि त्याचा शर्ट परत आमच्याच गुजरी बाजारात विकायला येतो. जे धोरण हे थांबवू म्हणतं, त्याच्या बाजूनं मी उभा आहे. मग एक गोष्ट मला उमगत नाही. ८० टक्के कापसावर प्रक्रिया करायची आहे, आणि कापसाच्या मधोमध उभी असलेली चात्यांची गिरणी हिशेबात नाही, हे कसं?

पार्क हवाच. पण अचलपूरहून नांदगाव पेठ पन्नास-साठ किलोमीटर. एसटीनं अमरावती, तिथून पुढे दुसरी गाडी, येऊन-जाऊन तीन-चार तास रस्त्यातच. सकाळच्या पाळीला सहाला पोहोचणारी गाडी नाही, रात्रीच्या पाळीवरून सुटल्यावर परत आणणारी तर नाहीच. सुरुवातीच्या पगारातून प्रवासाचं भाडं वजा केलं तर हातात काय उरतं हे दुकानदार म्हणून मी चांगलं सांगू शकतो. तेव्हा पार्कमधल्या कंपन्यांना सवलती देताना दोन अटी घाला. अचलपूरच्या यादीतल्या माणसाला मुलाखतीत वयाची अट लावायची नाही. आणि पाळीच्या वेळा धरून परतवाडा ते नांदगाव पेठ थेट बस सुरू करायची, कामगारांच्या पासाचा निम्मा भार कंपनीचा. भांडवली अनुदान कोट्यवधींनी देता, त्याच्यापुढे बसचा खर्च काय आहे?

याच्या जोडीला पार्कमधली सगळी कामं पार्कमध्येच झाली पाहिजेत असं कुठं आहे? सूत आणि कापड तिथं होऊ द्या, शिवणकाम इकडे पाठवा. मिलचे मोठे शेड उभे आहेत, वीज आहे, पाणी आहे, रस्ता आहे. शासनाला दरवर्षी दवाखान्यांच्या चादरी, एसटीचे आणि पोलिसांचे गणवेश, वसतिगृहांच्या सतरंज्या लागतात. त्यातली पहिली तीन वर्षांची ठरावीक खरेदी अचलपूरच्या युनिटमधून करायची हमी द्या. तीन वर्षं ऑर्डरची खात्री असेल तर मशीन घालायला इथलेच लोक पुढे येतील. मी स्वतः भांडवल घालायला तयार आहे, आणि माझ्यासारखे बाजारात आणखी आहेत. मिल कामगारांच्या घरातल्या कितीतरी बायका आज दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जातात, त्यांना शिवणाचं काम गावात मिळेल.

संत्र्याचं थोडं खोलात सांगतो, कारण तिथं मला खरी आशा दिसते. संत्र्याची फळं वर्षातून दोनदा निघतात : आंबिया बहाराची दिवाळीच्या आगेमागे, मृग बहाराची त्यानंतर उन्हाळ्याच्या तोंडावर. बांगलादेशानं आयात शुल्क वाढवत नेल्यापासून आमचा माल अडतो, आणि बारीक फळ, ज्याला आम्ही चुरी म्हणतो, ते मातीमोल भावानं जातं किंवा बांधावर ओतलं जातं. त्या चुरीचा रस काढणारा, फळं धुऊन मेण लावून प्रतवारी करणारा आणि थंड ठेवणारा प्रकल्प अचलपूर-चांदूर बाजार पट्ट्यात उभा करा, अशी मागणी शेतकऱ्यांची आहेच. मी त्यात कामगारांची बाजू जोडतो. शीतगृह चालवायला कोण लागतं? कंप्रेसर ऐकून ओळखणारा, पंप आणि मोटारी सांभाळणारा, पॅनलवर रात्र काढू शकणारा माणूस. सूतगिरणीत हवा दमट ठेवायला जो प्लांट असतो तो चालवणारे आमच्याकडे बसून आहेत. त्यांना सहा आठवड्यांचं शिक्षण पुरेल. फळ पट्ट्यावरचं हंगामी काम चार-सहा महिन्यांचं असतं हे मला ठाऊक आहे, म्हणून मी त्याला मिलच्या नोकरीची जागा देत नाही. पण यंत्रावरची माणसं बारा महिने लागतात.

चिखलदऱ्याच्या पर्यटनाचं नाव प्रत्येक सभेत निघतं. पर्यटन वाढू द्या, पण ते पावसाळ्यात आणि शनिवार-रविवारी चालतं. पन्नाशीच्या फिटरला गाइड हो म्हणण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा परतवाड्याच्या वन आगारात लिलाव होणारं मेळघाटचं सागवान बघा. लाकूड इथून ओंडक्यानं बाहेर जातं. त्यातलं थोडं जरी स्थानिक सुतारांसाठी राखलं तर फर्निचरचं काम इथं होऊ शकेल.

जमिनीबद्दल स्पष्ट लिहितो. मिलची जमीन विकायचा विचार कुणाच्या मनात असेल तर त्याआधी गावाची ग्रामसभेसारखी उघड सुनावणी घ्या. त्या जागेचा वापर उत्पादनासाठी आणि रोजगारासाठीच होईल अशी नोंद कागदोपत्री करा. प्लॉट पाडून विकली की एकदाच पैसा येतो, आणि तो अचलपूरला येत नाही.

मिल चालू करायचा निर्णय झाला तर वाजतगाजत स्वागत करू. पण तो निर्णय लांबणार असेल तर कामगारांना लेखी सांगा, आणि त्यांना पर्याय द्या : ज्याला थांबायचं त्यानं थांबावं, ज्याला पूर्ण देणी घेऊन मोकळं व्हायचं त्याला तारीख ठरवून पूर्ण देणी द्यावीत. दुसरी नोकरी धरली म्हणून जुना हक्क जाणार नाही, असा लेखी आदेश निघाला तर उद्या सकाळी पन्नास माणसं अमरावतीच्या गाडीत बसतील. याला पैसा लागत नाही, सही लागते. केंद्राची सही लागत असेल तर राज्यानं ती आणून द्यावी.

जिल्हाधिकारी साहेबांना एक विनंती वेगळी. यादीच्या कामाला सुरुवात होईल त्या दिवशी अचलपूरला या, बैठक तहसील कार्यालयात न घेता मिलच्या फाटकावर, जुन्या दुसऱ्या पाळीच्या वेळेला, दुपारी तीननंतर घ्या. त्या वेळेला सगळे मोकळे असतात. खुर्च्या, मांडव आणि चहाची जबाबदारी व्यापारी मंडळींची.

आपला नम्र,
अचलपूरचा एक किराणा दुकानदार